हे आता जुने झालेत

दर महिन्याला घरातली एक खुपणारी गोष्ट बदलायची, असं बाईंनी जाहीर केलं तेव्हा खात्रीसाहेब चहा पीत होते, आणि आपल्या घरात खुपण्यासारखं काही आहे असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत शिकवते, म्हणून शाळा, शेजारपाजार आणि माहेर, सगळे तिला बाईच म्हणतात. (खात्रीसाहेबही मनातल्या मनात म्हणतात, तोंडावर नुसतं 'अगं'.) आणि खात्रीसाहेब म्हणजे एका कचेरीतले आवक-जावक कारकून. साहेब वगैरे ते कधीच नव्हते आणि आता होण्याची भीतीही उरलेली नाही. पण कुठलंही पाकीट हातात आलं की आधी ते उजेडात धरायचं, मग हलवून बघायचं आणि मग आणणाऱ्यालाच विचारायचं, "हे आमचंच आहे, खात्री आहे ना?" ही त्यांची पद्धत. त्यावरून कचेरीने त्यांचं बारसं केलं. घरातून निघताना ते कुलूप लावतात, ओढून बघतात, जिना उतरतात, परत चढतात आणि पुन्हा ओढून बघतात. एकदा तर अशी खात्री करता करता कडीच हातात आली होती.

तर बाईंच्या शाळेत कोणी पाहुणे येऊन भाषण देऊन गेले. मोठमोठी ध्येयं ठेवू नका, छोटी ठेवा. रोज जे खुपतं त्यातलं एकेक बदलत जा, जगणं सुखाचं होईल, असा त्यांचा उपदेश. बाकीच्या शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या आणि घंटा होताच सगळं विसरून गेले. बाई मात्र तो उपदेश तसाच्या तसा घरी घेऊन आल्या.

"काय खुपतं गं तुला?" खात्रीसाहेबांनी विचारलं.

"आहेत बऱ्याच गोष्टी."

"मला सांग की."

"सांगितलं की तुम्ही दुरुस्त करायला बसता. म्हणून तर खुपतात."

यात खोटं काही नव्हतं. घरातली मोडलेली कुठलीही वस्तू टाकून द्यायची नाही, हा खात्रीसाहेबांचा बाणा. न्हाणीघराची कडी मोडली तर त्यांनी तिथे सुतळी बांधली. आंघोळ करणाऱ्याने एका हाताने अंगावर पाणी घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने सुतळीचं टोक ओढून धरायचं, एवढी साधी योजना होती. (साबण कोणत्या हाताने लावायचा, हे त्यांच्या लेकीने विचारलं होतं. तिला उद्धट म्हणून गप्प करण्यात आलं.)

पहिल्या महिन्यात सुतार आला आणि सुतळी गेली. दुसऱ्या महिन्यात खात्रीसाहेब कचेरीतून आले तर त्यांची खुर्ची जागेवर नव्हती. एका पायाखाली लाकडाचा ठोकळा, पाठीला पट्टी आणि बसताना किंचित डावीकडे झुकावं लागे, अशी ती खास त्यांच्या अंगवळणी पडलेली खुर्ची.

"माझी खुर्ची?"

"बदलली," बाई म्हणाल्या. "खुपत होती."

नव्या खुर्चीत ते बसले. ती कुरकुरली नाही, झुकली नाही, काही नाही. तिच्यात धड डुलकीसुद्धा लागेना. आणि डुलकी लागली नाही की खात्रीसाहेब विचार करतात, हीच तर अडचण आहे. आधी न्हाणीघर, मग खुर्ची. म्हणजे ही सुधारणा हळूहळू कुठल्या दिशेने सरकतेय? खुर्ची गेली. आता खुर्चीनंतर उरतं काय? खुर्चीत बसणारा.

"या महिन्यात काय बदलणार आहेस?" त्यांनी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं.

"कळेल," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बाई 'कळेल' म्हणून हसल्याचं त्यांना काही आठवेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कचेरीत रंगकाम निघालं आणि सगळ्यांना लवकर सोडलं. खात्रीसाहेब घरी आले, दार उघडून बाहेरच्या चिंचोळ्या पॅसेजमध्ये बुटाची नाडी सोडायला वाकले, आणि स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज ऐकू आला. धाकट्या बहिणीशी फोन चालला होता.

"अगं, हे आता फार जुने झालेत."

खात्रीसाहेबांचा हात नाडीवरच थांबला. लग्नापासून बाईंच्या तोंडी 'हे' म्हणजे एकच माणूस. हे आले, हे जेवले, ह्यांना नको सांगू.

"नाही गं, कामाचे कसले! नुसते डोक्यावर आहेत म्हणायचं. सकाळी काठीने ढोसल्याशिवाय सुरू होत नाहीत."

काठीने? बाई त्यांना आजपर्यंत हातानेच हलवून उठवत आल्या होत्या. काठीचं हे नवीन होतं.

"आणि रात्रभर घरघर, घरघर! लेकीला तर पलीकडच्या खोलीत ऐकू जातं... झालं ना, तेल घालून झालं, काही फरक नाही."

खात्रीसाहेबांनी गुडघ्याला हात लावला. गेल्याच आठवड्यात बाईंनी तेल चोळून दिलं होतं. किती मायेने चोळतेय, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं!

"इतकी वर्षं सहन केले. पण आता ठरवलंच. या महिन्याचं माझं ध्येय हेच. बदलायचे... हो, नवे बघून ठेवलेत ना! देखणे आहेत. आवाज म्हणून नाही. आणि खातातही कमी... छे छे, ह्यांना काही कळू दिलेलं नाही."

एक बूट पायात, एक हातात, अशा अवस्थेत ते तसेच मागे सरकत दाराबाहेर पडले आणि जिन्यात जाऊन बसले. त्यांना सगळ्यात जास्त काय लागलं असेल, तर ते व्याकरण. 'देखणे आहेत.' म्हणजे नव्या माणसाला आत्तापासूनच आदरार्थी बहुवचन! अजून घरात पाऊल नाही, आणि मान मात्र ह्यांच्याइतकाच.

दुसरा कोणी असता तर सरळ आत जाऊन विचारता झाला असता. पण खात्रीसाहेब विचारत नसतात, खात्री करतात. शिवाय त्यांना खरंच भीती वाटत होती. विचारलं आणि बाई 'हो' म्हणाल्या तर पुढे काय बोलायचं, हे त्यांना सुचेना. बाईंशिवाय आपलं घर कसं असेल, याचा विचार त्यांनी जिन्यात बसून करून पाहिला. त्यांना फक्त एक मोठं कुलूप दिसलं, आणि ते कितीही वेळा ओढून बघितलं तरी आत कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कॅशियरच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. कॅशियर हा कचेरीतला सगळ्यात संसारी माणूस. निदान संसाराबद्दल सगळ्यात जास्त बोलणारा.

"माझा एक मित्र आहे," खात्रीसाहेब म्हणाले.

"तुमचा?" कॅशियरला तिथेच नवल वाटलं.

"त्याच्या बायकोने त्याला बदलायचं ठरवलंय."

"त्यात काय! सगळ्याच ठरवतात. माझीही ठरवून थकली."

"तसं बदलायचं नाही हो. बदलून दुसरे आणायचे. बघूनसुद्धा ठेवलेत."

कॅशियरने नोटा मोजायचं यंत्र बंद केलं. "काय सांगता! कसे आहेत?"

"देखणे आहेत. आवाज करत नाहीत. आणि कमी खातात."

"असा नवरा जगात असेल," कॅशियर गंभीरपणे म्हणाला, "तर आमच्या घरी त्याचं नाव काढू नका." मग त्याने थोडा विचार केला. "तुमच्या मित्राला सांगा, रडत बसू नकोस. नव्यात जे जे आहे ते जुन्यानेच करून दाखवायचं. मग कशाला कोण बदलतंय? नवीन म्हटलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून शिकवा!"

हे खात्रीसाहेबांना पटलं. आणि अशा रीतीने आयुष्यात पहिल्यांदा त्यांनीही स्वतःला सुधारण्याची ध्येयं ठरवली. आवाज करायचा नाही. कमी खायचं. कोणी हलवायच्या आत उठायचं. आणि देखणं दिसायचं. (हे शेवटचं त्यांनी मनाशी फार हळू म्हटलं.)

त्या दिवशी जेवताना बाईंनी भात वाढायला डाव पुढे केला, तर ह्यांनी ताटावर आडवा हात धरला.

"नको."

"का? बरं नाही का?"

"छान आहे."

"मग कुठे खाऊन आलात?"

"कुठे नाही."

बाईंनी डाव परत पातेल्यात ठेवला, पण नजर काही ह्यांच्यावरून काढली नाही. खात्रीसाहेबांना वाटलं, नजरेत कौतुक आहे. लेक एकदा आईकडे आणि एकदा बापाकडे बघत राहिली.

चहा पिताना त्यांचा भुरका जिन्यापर्यंत ऐकू जायचा. तो त्यांनी बंद केला. चहा तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि गिळायचा. शिंक आली तर आतल्या आत जिरवायची; तिने दोन्ही कान बंद होतात, पण आवाज होत नाही. चालायचं ते चवड्यांवर. लेकीने दोनदा दचकून हातातला कप पाडला.

झोपेचा प्रश्न जरा अवघड होता. आडवं झालं की तोंड उघडतं आणि तोंड उघडलं की थोडासा आवाज होतो, एवढं त्यांना माहीत होतं. ('थोडासा' हा त्यांचा शब्द.) म्हणून त्यांनी पाठीमागे उशा रचल्या आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला सुरुवात केली. झोप अशी लागायचीच नाही. पहाट झाली की ते पलंगाच्या कडेला पाय सोडून, हात मांडीवर ठेवून, तयार होऊन बसत. पहिल्या दिवशी बाईंना जाग आली तेव्हा अगदी नाकासमोर ही ताठ आकृती बसलेली बघून त्या किंचाळल्या.

"काय हो हे! काय झालं?"

"काही नाही. उठलो."

"कोणी उठवलं?"

"कोणी नाही. माझा मी."

बाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता. म्हणजे कारण दुसरंच होतं, आणि कारण दुसरं असलं की बायका आपापल्या परीने शोध घेतात. त्याच सकाळी बाईंनी धुवायला टाकलेला शर्ट नाकाशी नेलेला खात्रीसाहेबांनी आरशातून पाहिला. ते त्या वेळी मिशी काळी करत होते. रंग मिशीला बसला तसाच खाली ओठालाही बसला, आणि मिशीचा उतरला तरी ओठाचा उतरेना.

"बाबा, ओठाला काय लागलंय?" लेक म्हणाली.

"कुठे काय?"

"शाई पिऊन आल्यासारखे दिसताय."

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी डब्याची पिशवी हातात दिली आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कचेरीत कोणी नवीन आलंय का हो?"

"नवीन? कोण नवीन?"

"असंच. कोणी बाई वगैरे."

खात्रीसाहेब सावध झाले. हिला माझ्यावर ठपका ठेवायला निमित्त हवंय, हे त्यांनी ओळखलं. स्वतःचं ते झाकायचं आणि माझं ते वाकून बघायचं! त्यांनीही उलटा बाण सोडला.

"तुमच्या शाळेत आलेत का कोणी नवीन?"

"आलेत ना. कवायतीचे मास्तर."

"देखणे आहेत?"

"उंचेपुरे आहेत चांगले. का?"

"आवाज करतात?"

"कवायतीचे मास्तर आवाज नाही करणार तर कोण करणार? पार आमच्या वर्गात ओरडणं ऐकू येतं."

म्हणजे ते नव्हेत. खात्रीसाहेबांनी मास्तरांना संशयातून मोकळं केलं आणि डबा घेऊन निघाले. जाता जाता जिन्यात समोरच्या घरातले गृहस्थ भेटले. ते बारीक होते, कमी बोलायचे आणि रबरी चपला घालायचे. खात्रीसाहेबांनी त्यांच्याकडे असं काही रोखून बघितलं की त्या बिचाऱ्यांनी सगळ्या पायऱ्या कठड्याला चिकटून उतरून टाकल्या.

असा तो आठवडा गेला. घरात भांडण नाही, तंटा नाही, कोणी आवाज चढवत नव्हतं. दोघंही एकमेकांना 'तू घे', 'तुम्ही घ्या' करत होते आणि दोघंही एकमेकांच्या पाठीवर डोळा ठेवून होते.

मग एके सकाळी खात्रीसाहेब न्हाणीघरात होते. कडी नवी, भक्कम. (सुतळी असती तर दार किलकिलं करून नीट ऐकता आलं असतं, हा विचार त्यांच्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.) त्यांनी नळ बंद केला आणि कान दाराला लावला. बाहेर पुन्हा फोन.

"हे बदललेत गं."

बदललेत! झालं म्हणजे? कधी? आपण अजून इथे आंघोळ करतोय आणि तिकडे बदललेतसुद्धा?

"पूर्वीचे राहिलेच नाहीत. मला तर संशय येतोय... बघते आज-उद्या. ठेव तू."

मग दुसरा फोन. "हां, दादा, मग उद्या दुपारी याच. माझी अर्धी शाळा आहे उद्या... नाही, हे घरी नसतात. असले की मध्ये मध्ये करतात, काम होऊ देत नाहीत... जुने तुम्हीच घेऊन जा. एक्स्चेंज म्हणालात ना?... हो, आठवडाभर आवाज जरा कमी झालाय खरा. पण आता दयामाया नाही. ठरवलं म्हणजे ठरवलं."

दाराआड अंगाला साबण लावलेले खात्रीसाहेब तसेच उभे होते. एक्स्चेंज! म्हणजे नुसतं हाकलणं नाही, जुने देऊन नवे घेणं. आणि तो दादा कोण? आठवडाभर पोटाला चिमटा घेतला, मान आखडून घेतली, ओठ काळा करून घेतला, त्याची दखल एवढीच? 'आवाज जरा कमी झालाय खरा'?

दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन रोजच्यासारखे बाहेर पडले. कचेरीत कॅशियरला एवढंच म्हणाले, "मित्राकडे जाऊन येतो, वेळ आली त्याची." कॅशियरने उठून त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

घराच्या दाराशी चपला होत्या. पुरुषाच्या, मोठ्या, टाचा झिजलेल्या. दार नुसतं लोटलेलं. खात्रीसाहेब चवड्यांवर (आता सवय झाली होती) आत शिरले. झोपण्याच्या खोलीचं दार अर्धवट बंद होतं आणि आतून एक दणदणीत पुरुषी आवाज येत होता.

"वहिनी, पण दिवसा तर हे अगदी शांत वाटतात हो."

"दिवसा कशाचे आवाज करतायत! रात्री बघा तुम्ही. रात्री खरं रूप दिसतं."

"मी काय म्हणतो, अजून एक-दोन वर्षं ढकलतील."

"ढकलायचेच दिवस आलेत. ढकलून ढकलून माझे हात दुखले. काढा तुम्ही."

"ठीक. मेन बंद केलाय ना? नाहीतर हात लावायचो आणि मीच जायचो. हं, आता मानेचा बोल्ट ढिला करतो आणि खाली घेतो."

मानेचा! खात्रीसाहेबांच्या आखडलेल्या मानेतून एक कळ थेट टाचेपर्यंत गेली. आठवडाभर गिळलेले सगळे आवाज एकदम वर आले. त्यांनी दार धाडकन उघडलं, डब्याची पिशवी डोक्यावर उगारली आणि ओरडले,

"खबरदार! मी अजून चालू आहे!"

पुढे जे झालं ते फार पटकन झालं. उंच स्टुलावर एक वायरमन उभा होता. त्याने दचकून मागे बघितलं. त्याच्या हातातला पाना उडाला, छताचा पंखा एका बाजूने निसटून तारेला लोंबकळला आणि वायरमन स्टुलावरून जो उडाला तो थेट पलंगावर. त्या पलंगाचा एक पाय खात्रीसाहेबांनी स्वतः दुरुस्त केलेला होता. तो पाय आडवा झाला, पलंग कलला आणि वायरमन उशांसकट घरंगळत येऊन खात्रीसाहेबांच्या पायाशी थांबला.

"चालू आहात ते दिसतंच आहे, साहेब," तो बसल्या जागेवरून म्हणाला. "पण जरा सांगून चालू व्हावं माणसाने!"

कोपऱ्यात नव्या पंख्यांचे खोके रचलेले होते. एका पंख्याची पाती उघडून ठेवलेली; खरोखरच देखणी. खात्रीसाहेबांनी खोक्यांकडे बघितलं, लोंबकळणाऱ्या पंख्याकडे बघितलं, कोपऱ्यात उभ्या असलेल्या काठीकडे बघितलं, जिने तो पंखा रोज ढोसून सुरू करावा लागत असे. मग त्यांनी उगारलेली पिशवी हळूहळू खाली घेतली.

"पंखे?" ते म्हणाले.

"मग कोण वाटलं तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं असतं तर पुन्हा सुतळी बांधली असती त्यांना. म्हणून गुपचूप करत होते. आणि हा पलंग! जाऊ दे, त्याचा नंबर पुढच्या महिन्यात होताच."

"तू म्हणालीस, हे जुने झालेत."

"झालेच आहेत."

"रात्रभर घरघर करतात."

"करतातच."

"नवे देखणे आहेत. कमी खातात."

"वीज हो! वीज कमी खातात!" एवढं म्हणून बाई थांबल्या. त्यांनी नवऱ्याच्या काळ्या ओठाकडे पाहिलं, आठवड्यात उतरलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, वाकड्या झालेल्या मानेकडे पाहिलं, आणि सगळा उलगडा त्यांना एकदमच झाला. त्या कललेल्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. पदराने डोळे पुसले तरी हसू थांबेना.

"अहो, आणि मला वाटलं, तुमचं बाहेर काहीतरी सुरू झालंय! जेवण तोडलं, मिशी काळी केली, चोरपावलांनी चालायला लागलात. मी बहिणीला सांगून बसले, हे बदललेत म्हणून! ती उद्या रजा काढून येतेय, तुम्हाला जाब विचारायला."

खात्रीसाहेबांना हसू आलं नाही. त्यांना भरून आलं. वायरमन समोर होता, तरी त्यांनी खरं काय ते बोलून टाकलं.

"मला वाटलं, तू कंटाळलीस मला."

बाईंचं हसू थांबलं. "कंटाळले तर तुम्हाला सांगेन," त्या म्हणाल्या. "बहिणीला फोनवर नाही. आणि तुम्ही तरी आठवडाभर अर्धपोटी राहण्याऐवजी एक शब्द विचारायचा होतात."

"विचारायची भीती वाटली."

"वेडे आहात," बाई म्हणाल्या आणि उठून पहिल्यांदा त्यांनी डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवला. वायरमन खाली मान घालून पाना शोधू लागला. तो बराच वेळ त्याला सापडला नाही.

संध्याकाळपर्यंत दोन्ही खोल्यांत नवे पंखे लागले. वायरमन जुने पंखे खांद्यावर टाकून गेला. खात्रीसाहेबांनी तीनदा भात मागून घेतला, चहाचा असा भुरका मारला की लेकीने कानावर हात ठेवले, आणि उशा बाजूला सारून, हातपाय ताणून, उताणे झोपले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सकाळी त्यांना कोणी हलवलं नाही. आपले आपण उठून ते बाहेर आले तर बाई आणि लेक टेबलाशी बसल्या होत्या. दोघींचे डोळे लाल, केस विस्कटलेले, समोर चहा गार झालेला.

"काय झालं?" खात्रीसाहेब उत्साहाने म्हणाले. "पंखे छान आहेत हं. जरासुद्धा आवाज नाही."

"पंख्यांचा नाही," लेक म्हणाली आणि टेबलावर डोकं ठेवलं.

बाईंचा फोन चालूच होता. या वेळी त्या आवाज न लपवता बोलत होत्या. "अगं, पंखे बिचारे गरीब होते गं. इतकी वर्षं उगाच शिव्या घातल्या त्यांना. ती घरघर त्यांची नव्हतीच... हो... हो, ह्यांचीच. पंख्यांच्या खडखडाटात लपून जात होती. काल पहिल्यांदा नुसती ऐकली मी... नको, तू जाब विचारायला येऊ नकोस. झोपायला आम्हीच तुझ्याकडे येतो."

संध्याकाळी वायरमन पुन्हा आला. त्याने नवा पंखा सुरू केला, बंद केला, पुन्हा सुरू केला. स्टुलावर चढून कान लावून ऐकलं.

"वहिनी, तक्रार काय आहे? आवाज तर अजिबात नाही."

"तीच तक्रार आहे," बाई म्हणाल्या. "ते जुने अजून दुकानात पडलेत ना?"

"पडलेत. पण ते खडखडतात."

"खडखडू देत. तेवढाच आडोसा. निदान नाव तरी दुसऱ्याचं घेता येत होतं."

वायरमन डोकं खाजवत स्टुलावर तसाच उभा राहिला. खाली नव्या खुर्चीत खात्रीसाहेब बसले होते. रात्रीची झोप इतकी छान झाली होती की त्यांना तिथेही आता डुलकी लागू लागली होती. आणि नेमका त्याच वेळी वायरमनने वरून हात दाखवत विचारलं,

"मग वहिनी, एकदा काय ते नक्की सांगा. हे ठेवायचे की काढायचे?"

खात्रीसाहेबांची झोप खाडकन उडाली. बाईंनी आधी वर पंख्याकडे पाहिलं, मग खाली खुर्चीकडे पाहिलं, आणि गालाला बोट लावून त्या विचारात पडल्या. बराच वेळ विचारात पडल्या. 'हे' म्हणजे नक्की कोण, याची खात्री करून घ्यायची हिंमत मात्र या खेपेला खात्रीसाहेबांना झाली नाही.